सकाळी साडेसातचा फळा

आराखडेसाहेब कधी हरत नसत. निदान त्यांचं स्वतःचं तसं मत होतं, आणि हे मत कच्चा मसुदा, सुधारित मसुदा आणि अंतिम मसुदा अशा तिन्ही पायऱ्या चढून पक्कं झालेलं होतं. त्यामुळे त्या दिवशी मीटिंगमध्ये ते जे बोलून बसले, ते त्यांच्या दृष्टीने बढाई नव्हतीच. ती पूर्वसूचना होती.

त्यांचं खरं आडनाव पगाराच्या कागदापुरतं उरलं होतं. बावीस वर्षं एकाच कंपनीत सॉफ्टवेअरचे आराखडे लिहिले, म्हणून ते आराखडेसाहेब. त्यांची पद्धत जुनी आणि सरळ होती. गिऱ्हाइकाला आधी सगळं विचारायचं. मग ते सगळं लिहून काढायचं. मग पानापानावर गिऱ्हाइकाची सही घ्यायची, दार लावून घ्यायचं आणि तयार माल हातात घेऊनच बाहेर यायचं. मधेच गिऱ्हाईक 'अहो, मला जरा वेगळं हवं होतं' म्हणत आलं, तर त्याला त्याचीच सही दाखवायची. गिऱ्हाईक गप्प बसे, आणि पुष्कळदा परत येतही नसे.

आता या सुरळीत कारभारात माशी शिंकली ती घरातूनच. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या मुलीने स्वतःचं लग्न स्वतः जमवलं, तेही कुठलाही आराखडा न करता, आणि मुलगा शोधला तो सॉफ्टवेअरवाला. पुढे वर्षभरात जावईबापू नोकरी बदलून थेट सासऱ्यांच्याच कंपनीत येऊन दाखल झाले. येताना नवी पद्धत घेऊन आले. तिचं नाव अजाइल. थोडं बनवायचं, पंधरा दिवसांनी गिऱ्हाइकाला दाखवायचं, त्याची बोलणी खायची आणि पुन्हा थोडं बनवायचं. कागद म्हणाल तर फक्त फळ्यावर चिकटवलेल्या रंगीत चिठ्ठ्या. फळ्यावर तीन रकाने: करायचंय, चाललंय, झालं. रोज सकाळी सव्वानऊला सगळी टीम त्या फळ्यासमोर उभी राहणार आणि प्रत्येकजण दोन मिनिटांत सांगणार, काल काय केलं, आज काय करणार आणि घोडं कुठे अडलंय. उभं अशासाठी, की माणूस बसला की लांबड लावतो.

आराखडेसाहेबांना हा प्रकार शाळेत गृहपाठ न केलेल्या पोरांना उभं करतात तसा वाटे. पण बोलायची सोय नव्हती. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

तर त्या मीटिंगमध्ये विषय होता लॉन्ड्रीचा. एका बाईंची शहरभर सहा दुकानं होती. कपडे येतात किती, जातात किती, हरवतात किती, याचा मेळ लावणारं सॉफ्टवेअर त्यांना हवं होतं. काम कोणत्या पद्धतीने करायचं यावर सासरे-जावयाची अशी जुंपली, की कंपनीच्या मालकीणबाईंचा चहा निवून गेला. शेवटी त्या वैतागून म्हणाल्या, की दोघांनीही करा. दहा आठवडे घ्या, लॉन्ड्रीवाल्या बाई ज्याचं पसंत करतील त्याची पद्धत कंपनीत राहील. मला रोज रोज ही कटकट नको.

इथे खरं तर गप्प बसायला हवं होतं. पण उचलली जीभ लावली टाळ्याला.

"पद्धत कशाला, माणूसच जाऊ दे की," आराखडेसाहेब म्हणाले. "जो हरेल त्याने दुसऱ्याच्या हाताखाली काम करायचं. मी हरलो तर रोज सकाळी यांच्या फळ्यासमोर उभा राहीन आणि काल काय केलं ते सांगीन. आणि त्या चिठ्ठ्यांचं म्हणाल, तर एक फुंकर मारली की यांचं सगळं सॉफ्टवेअर जमिनीवर."

सगळे हसले. मालकीणबाईंनी मात्र हसता हसता ते वहीत लिहून घेतलं. जावईबापू ऑफिसात त्यांना सर म्हणत आणि घरी बाबा. त्या क्षणी दोन्हींपैकी काय म्हणावं ते न सुचल्यामुळे ते नुसतेच मान हलवत राहिले.

घरी बायकोला हे कळलं तेव्हा ती हसली नाही. जावयासमोर सासऱ्याने रोज उभं राहून हजेरी द्यायची, लेकीने कुठे तोंड लपवायचं, असं तिने विचारलं. आराखडेसाहेबांनी तिला धीर दिला, की हरण्याचा प्रश्नच येत नाही, तशी तरतूदच केलेली नाही. पण रात्री कूस बदलताना त्यांना आपण हात मागे बांधून उभे आहोत आणि जावईबापू घड्याळ बघतायत, असं चित्र दिसलं. त्यांना खरोखर भीती वाटली. निवृत्तीला तीन वर्षं उरली होती. तीन वर्षांच्या सकाळी किती होतात, याचा हिशेब त्यांनी सुट्ट्या वजा करून काढला आणि मग उरलेला वेळ छताकडे बघत काढला.

दुसऱ्या दिवसापासून ते कामाला लागले. दोन आठवडे ते लॉन्ड्रीच्या काउंटरमागे वही घेऊन उभे होते. त्यांनी बाईंना तीनशे चाळीस प्रश्न विचारले. खिशात किल्ल्या सापडल्या तर काय करता, बटण आधीच तुटलं होतं की इथे तुटलं हे कसं ठरवता, सहा महिने कपडे न्यायला कोणी आलंच नाही तर ते कुठे ठेवता. बाई इस्त्री करता करता उत्तरं देत होत्या आणि शेवटी शेवटी त्यांना पाहिलं की आतल्या खोलीत जात होत्या. पण आराखडेसाहेबांना लॉन्ड्री अशी पाठ झाली, की उद्या सॉफ्टवेअर नाही जमलं तर दुकान टाकता आलं असतं.

तिसऱ्या आठवड्यात ते घडलं. सकाळी साडेसातला ऑफिसात येण्याची त्यांची जुनी सवय. त्या दिवशी ऑफिसात फरशी पुसणाऱ्या मावशींशिवाय कोणी नव्हतं. प्रतिस्पर्ध्याची तयारी बघायला काय हरकत आहे, म्हणून ते जावईबापूंच्या खोलीत शिरले. फळ्यावर साठ-सत्तर चिठ्ठ्या होत्या. पिवळ्या, गुलाबी, हिरव्या, एकीवर एक, वाकड्या, काही तर उलट्या. खोली कोंदट वाटली, म्हणून त्यांनी खिडकी उघडली.

वारा असा काही आला, की क्षणभर खोलीत नुसते रंगच रंग उडाले. मग सगळं शांत झालं. फळा स्वच्छ पांढरा होता. एकही चिठ्ठी वर राहिली नव्हती आणि एक जाऊन त्यांच्या टकलावर बसली होती.

'एक फुंकर मारली की जमिनीवर,' हे वाक्य त्यांना त्या वेळी शब्दशः आठवलं. ते सगळ्यांसमोर बोललेले होते आणि मालकीणबाईंच्या वहीत त्याची नोंद होती. आता खरं सांगितलं तरी कोण विश्वास ठेवणार? सासऱ्याने जावयाचा फळा उधळला, हे दुपारपर्यंत कंपनीभर आणि संध्याकाळपर्यंत लेकीच्या घरी पोचलं असतं. आराखडेसाहेब गुडघ्यांवर बसले आणि चिठ्ठ्या गोळा करू लागले.

पण लावायच्या कशा? आधी कुठली कुठे होती हे आठवेना, कारण आधी त्यात काही संगतीच नव्हती. मग त्यांनी एकेक चिठ्ठी वाचली. वाचता वाचता त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. कपडे परत द्यायचं काम 'चाललंय' मध्ये असणार आणि कपडे घ्यायचं काम अजून 'करायचंय' मध्ये असणार, अशी लक्षणं दिसत होती. आधी घेतल्याशिवाय परत काय देणार, कपाळ? त्यांनी आधीचं आधी लावलं, नंतरचं नंतर. एकमेकींवर अवलंबून असलेल्या चिठ्ठ्या एका ओळीत आणल्या. कडा जुळवल्या. शेवटी राहवेना, म्हणून प्रत्येकीच्या कोपऱ्यात पेन्सिलीने बारीक आकडे घातले. एक पॉइंट एक, एक पॉइंट दोन.

सव्वानऊला टीम फळ्यासमोर उभी राहिली, तेव्हा आराखडेसाहेब आपल्या काचेच्या केबिनमधून श्वास रोखून बघत होते. जावईबापूंनी फळ्यावरून वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. मग म्हणाले, की कोणीतरी सुंदर मांडणी केलीय, कोणी ते मी विचारणार नाही, आपली टीम विश्वासावर चालते. प्रत्येकाला वाटलं, शेजारच्याने केलं असेल. मग सगळे कामाला लागले, आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदाच त्या दिवशी कोणाचंही घोडं कुठे अडलं नाही.

इथे थांबले असते तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती. पण जित्याची खोड. दुसऱ्या दिवशी ते फक्त बघायला म्हणून गेले, तर दिवसभरात टीमने पुन्हा फळ्याची माती केलेली. त्यांनी पाच मिनिटांत ओळ सरळ केली. तिसऱ्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं, की गिऱ्हाइकाने पावती हरवली तर काय, याची फळ्यावर चिठ्ठीच नाही. ते केबिनमध्ये परत आले. बसले. उठले. लॉन्ड्रीत दहातली चार गिऱ्हाइकं पावती हरवून येतात, हे त्यांना त्या बाईंइतकंच ठाऊक होतं. शत्रूचं का असेना, पण ज्या घराला दारच ठेवलेलं नाही, ते घर त्यांच्याने बघवेना. त्यांनी पिवळी चिठ्ठी घेतली आणि मोठ्या सुट्या अक्षरांत लिहिलं, की पावती नसेल तर नाव, फोनचे शेवटचे चार आकडे आणि कपड्याचं वर्णन यांवरून शोधावे. खाली जागा उरली, तिथे सवयीने 'पान १ पैकी १' असंही लिहिलं.

दोन दिवसांनी फळ्यावर एक गुलाबी चिठ्ठी आली. 'ज्यांनी पावतीचं सुचवलं त्यांना प्रश्न. दोन गिऱ्हाइकांचे अगदी सारखे पांढरे शर्ट आले तर?'

आराखडेसाहेबांनी ती चिठ्ठी तीनदा वाचली. बावीस वर्षांत त्यांनी किती हजार पानं लिहिली असतील, पण ती वाचून कोणी त्यांना उलट एक प्रश्न विचारला नव्हता. त्यांचे डोळे जरासे भरून आले, आणि ते धुळीमुळे नव्हतं, कारण मावशींनी नुकतंच झाडलं होतं. त्यांनी उत्तर लिहिलं. जागा पुरेना, म्हणून पान २ पैकी २ लावलं. दुसऱ्या दिवशी नवा प्रश्न होता. मग रोजच प्रश्न यायला लागले आणि रोज उत्तरं जायला लागली.

"लावून झालं का, साहेब?" मावशी बादली ठेवून विचारत. "मला खिडकी पुसायचीय." त्यांनी या प्रकाराबद्दल कधी काही विचारलं नाही. साहेब लोक सकाळी काय करतात यात पडायचं नाही, असा त्यांचा नियम होता.

घरी बायकोला वेगळीच काळजी लागली. नवरा साडेसहाला उठून गुणगुणत दाढी करत होता. तिने दोनदा विचारलं, की डॉक्टरांकडे जाऊन येऊ या का. रविवारी लेक आणि जावई जेवायला आले, तेव्हा तर कहरच झाला. जावईबापू सगळ्यांना सांगू लागले, की आमच्या टीममध्ये कोणीतरी अफाट हुशार आहे आणि नाव न सांगता चिठ्ठ्या लिहून जातं. लेकीने विचारलं, कोण असेल?

"मला वाटतं अबोली," जावईबापू म्हणाले. "ती कधीच काही बोलत नाही. म्हणजे डोक्यात बरंच काही असणार. एकच दोष आहे तिचा, चिठ्ठीवर सुद्धा पानभर लिहिते."

आराखडेसाहेबांना ठसका लागला. बायकोने पाठीवर थापट्या मारल्या, लेकीने पाणी दिलं. पाणी पिता पिता ते एवढंच म्हणाले, की मुद्देसूद लिहायचं तर जागा लागतेच. मग त्यांनी विषय बदलला.

अबोली ही त्या टीममधली एक मुलगी. ती इतकी कमी बोले, की तिचं खरं नाव सांगायची वेळच आली नव्हती आणि हे नाव पडलं होतं. पुढे ऑफिसात तिचं कौतुक सुरू झालं. कोणी तिला पेन दिलं, कोणी खिडकीजवळची जागा. तिने ते माझं नव्हे असं काही सांगितलं नाही, कारण ती कधीच काही सांगत नसे.

इकडे आराखडेसाहेबांचा स्वतःचा आराखडा दोनशे बारा पानांचा झाला. त्यात सगळं होतं. किल्ल्या, बटणं, पांढरे शर्ट, हरवलेली पावती, सगळं नंबर घालून. लॉन्ड्रीवाल्या बाईंनी दोनशे बारा सह्या केल्या आणि हात झटकत निघून गेल्या. मग आराखडा त्यांच्या टीमच्या मुख्य प्रोग्रामरकडे गेला. त्याला सगळे साहेबांचा उजवा हात म्हणत. उजव्या हाताने तो दोन्ही हातांनी घेतला, कारण एका हाताने उचलत नव्हता. आता आपलं काम लिहिण्याचं होतं, ते झालं, असं साहेबांनी मनाला सांगितलं. मन दुसरीकडेच होतं. पूर्वी ते उजव्या हाताच्या मागे उभे राहून पान न् पान तपासून घेत. आता सकाळी फळ्यावरून आल्यावर उरलेला दिवस ते उद्याच्या उत्तरांची टिपणं काढत.

दहाव्या आठवड्यात परीक्षेचा दिवस आला. मोठ्या खोलीत दोन पडदे लावले होते. मालकीणबाई वही घेऊन बसल्या होत्या. लॉन्ड्रीवाल्या बाई पिशवीभर खरेखुरे कपडे घेऊन आल्या आणि म्हणाल्या, की मला ते शब्द कळत नाहीत, मी गिऱ्हाईक होते आणि तुम्ही दुकान व्हा.

पहिली पाळी जुन्या पद्धतीची. उजव्या हाताने शर्ट घेतला, नोंद केली, पावती छापली. सगळं लखलखीत चाललं. आराखडेसाहेबांनी हळूच बायकोला फोनवर कळवलं, की काळजी नको.

मग बाईंनी पावती घेतली, चुरगळली आणि पर्समध्ये टाकली. "हरवली," त्या म्हणाल्या. "माझा शर्ट द्या."

पडद्यावर लिहिलं होतं, पावतीचा क्रमांक टाका. उजव्या हाताने इकडे दाबलं, तिकडे दाबलं. पडदा पुन्हा पुन्हा तेच मागत राहिला. आराखडेसाहेब पुढे झुकले आणि दबक्या आवाजात म्हणाले, पान एकशे चौसष्ट. उजवा हात घामाघूम झाला होता.

"सर, एकशे चौसष्टपर्यंत मी पोचलोच नाही," तो म्हणाला. "तुम्ही दर वेळी मागे उभे राहता. या वेळी आला नाहीत, मला वाटलं पुढचं महत्त्वाचं नसेल."

"अहो, सही तर मीही केली होती," लॉन्ड्रीवाल्या बाई त्याला समजावत म्हणाल्या. "मी तिसऱ्या पानानंतर नुसती सहीच करत गेले. आता शर्ट कुठंय माझा?"

शर्ट समोरच टेबलावर पडलेला होता. सगळ्यांना दिसत होता. पण सॉफ्टवेअरच्या मते तो तिथे नव्हता.

दुसरी पाळी जावईबापूंची. बाईंनी पुन्हा पावती चुरगळली. टीमने नाव विचारलं, फोनचे शेवटचे चार आकडे विचारले, शर्टाचा रंग विचारला. शर्ट सापडला. बाईंनी मग दोन सारखे पांढरे शर्ट काढले, तेही सापडले. खिशातली किल्ली सापडली. तुटलेलं बटण आधीचंच निघालं. बाई टेबलावर हात आपटून म्हणाल्या, की हे ज्याने केलं त्याला माझी लॉन्ड्री आतून बाहेरून माहीत आहे.

सगळ्यांनी अबोलीकडे बघून टाळ्या वाजवल्या. पण सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या त्या आराखडेसाहेबांनी. त्यांना आनंद झाला होता, तो लपवून उपयोग नाही. आपण विचार केलेली एक एक बारीक गोष्ट त्या पडद्यावर जिवंत झालेली ते बघत होते, आणि असं आयुष्यात पहिल्यांदा होत होतं. टाळ्या थांबल्यावर मालकीणबाईंनी वही उघडली आणि तारखेसकट एक वाक्य वाचून दाखवलं. तेव्हा कुठे आपण हरलो हे त्यांच्या ध्यानात आलं.

जावईबापूंनी त्याच दिवशी एक छोटं भाषणही केलं. आमचा फळा कोणी एक माणूस लावत नाही, तो सगळ्यांच्या हातून आपोआप सुधारत जातो, हीच नव्या पद्धतीची ताकद, असा त्यांचा मुद्दा होता. तो मालकीणबाईंना इतका पटला, की त्यांनी आणखी चार कंपन्यांत जावईबापूंची भाषणं ठरवून टाकली.

सोमवार उजाडला. सव्वानऊला आराखडेसाहेब फळ्यासमोर रांगेत उभे राहिले. हात मागे बांधलेले, चेहरा लाल. केबिनमधून उजवा हात बघत होता, दारातून मालकीणबाई बघत होत्या. जावईबापू काही वाईट माणूस नव्हे. त्यांनी खुर्ची पुढे केली आणि म्हणाले, की सर, तुम्ही बसून सांगा. आराखडेसाहेबांनी खुर्ची बाजूला सारली. बोललो म्हणजे बोललो.

त्यांची पाळी आली. खिशात त्यांनी तीन पानांचं निवेदन आणलं होतं. पार्श्वभूमी, व्याप्ती, मुख्य भाग. पण दोन मिनिटांत ते मावणार नाही, हे दिसत होतं. त्यांनी कागद तसाच राहू दिला.

"गेले सात आठवडे," ते म्हणाले, "हा फळा रोज सकाळी मी लावत होतो. आणि चिठ्ठ्याही माझ्याच."

मग एक जण हसला, दुसरा हसला आणि सगळी खोली हसायला लागली. सर विनोदही करतात हे आम्हाला माहीतच नव्हतं, असं कोणीतरी म्हणालं. पाडाव झालेला माणूस आपली हार इतक्या खेळकरपणे घेतो, याचं मालकीणबाईंना दारातूनच कौतुक वाटलं. जावईबापू तर पोट धरून हसत होते. बावीस वर्षांत आराखडेसाहेबांनी पहिल्यांदा एका वाक्यात काहीतरी सांगितलं, तर त्यावर कोणाचा विश्वास बसेना.

फक्त अबोली हसत नव्हती. ती पुढे आली आणि तिने एक कोरी चिठ्ठी त्यांच्या हातात दिली. नियम असा, की आज काय करणार ते प्रत्येकाने लिहून फळ्यावर लावायचं. आराखडेसाहेबांनी मुकाट्याने लिहिलं, मोठ्या सुट्या अक्षरांत, आणि खाली 'पान १ पैकी १' घालून चिठ्ठी फळ्यावर लावली. जावईबापूंनी हसत हसत ती वाचायला मान वर केली. त्यांचं हसू ओठांवरच विरलं.

दुपारी जावईबापूंनी त्यांना जिन्यात गाठलं. वर कोणी नाही, खाली कोणी नाही, हे दोनदा बघून घेतलं.

"बाबा," ते म्हणाले. ऑफिसात ते पहिल्यांदाच बाबा म्हणत होते. "खरंच?"

"खरंच."

"सगळ्या?"

"पहिल्या तीन आठवड्यांतल्या तुमच्या. त्यासुद्धा ओळीने मी लावल्या."

जावईबापू पायरीवर बसले. त्यांनी चार भाषणं कबूल केली होती. पहिलं गुरुवारी होतं, आणि विषय होता आपोआप सुधारणारा फळा. त्यांनी विचारलं, हिला सांगितलंत का? आराखडेसाहेब म्हणाले, तुमच्या सासूबाईंनाही नाही. मग तेही शेजारी त्याच पायरीवर टेकले. कोण कोणावर जास्त दया करतोय, हे ठरवणं अवघड होतं. शेवटी जावईबापूंनी अगदी हळू आवाजात विचारलं, की उद्या सकाळी किती वाजता येणार, आणि मीही आलो तर चालेल का.

तेव्हापासून व्यवस्था अशी आहे. सव्वानऊला सासरे जावयासमोर उभे राहतात आणि काल काय केलं ते सांगतात. आणि साडेसातला, झोप न उतरलेले जावईबापू सासऱ्यांसमोर उभे राहतात, कालच्या चिठ्ठ्या वाकड्या का लावल्या ते सांगतात आणि बोलणी खातात. आराखडेसाहेब म्हणतात, आधी पूर्ण विचार करा आणि मगच चिकटवा. जावईबापू म्हणतात, आधी एक चिकटवून तर बघू या, नाही जमलं तर काढू. एकेका चिठ्ठीवर दोन्ही पद्धतींची सविस्तर तुलना होते. घरी दोन्ही बायका खूश आहेत, की सासरे-जावयाचं किती छान जमतं, रोज जोडीने कामाला जातात.

मावशी मात्र खूश नाहीत. परवा त्यांनी बादली दाणकन दारात ठेवली आणि पहिल्यांदाच आपला नियम मोडला.

"साहेब, तुम्ही एकटे होतात तेव्हा वीस मिनिटांत आटपायचं," त्या म्हणाल्या. "आता दोघं झालात, तर तास लागतो. मी खिडकी कधी पुसायची?"